सहा ते दहाचा लाल टॅग

रिटायर झालेल्या मेंटेनन्सवाल्याला घरात ठेवू नये. त्याला बागेत, बँकेत, देवळात, कुठेही बसवावं, पण घरात नको. हे मी स्वतःबद्दलच बोलतोय. आधी भोसरीत आणि मग चाकणला मिळून छत्तीस वर्षं मी कंपन्यांची वीज सांभाळली. शेवटी शेवटी माझ्या हाताखाली चौदा माणसं होती. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या हाताखाली दोनच माणसं उरली, बायको आणि आई. त्यातली बायको माझं ऐकत नव्हती. आई ऐकायची.

निगडीला प्राधिकरणात आमचं बेताचं घर आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मागची आईची खोली. वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. आईला वीस वर्षांपासून दमा. थंडी पडली, हवेत धूळ आणि धूर साचला की तिची छाती वाजायला लागते. उशाशी वाफेचं मशीन असतं. नळीत औषध घालायचं, मास्क तोंडाला लावायचा, दहा मिनिटं वाफ घ्यायची की श्वास मोकळा होतो. सकाळी एकदा, झोपताना एकदा, आणि मध्येच दम लागला तर तेव्हा. त्या मशीनला मिक्सरच्या पावपटही वीज लागत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, बरं का. वीज कशाला किती लागते यावरच तर आयुष्यभर पगार घेतला.

आमच्या गल्लीत पूर्वी कुणाची गाडी मोठी यावर चढाओढ चालायची. आता सोलर लावून कुणाचं मीटर उलटं फिरतं यावर चालते. डिजिटल मीटर फिरत नसतं, पण हे सांगायचं कुणाला. सकाळी फिरायला निघालेली साठ-पासष्टची माणसं पूर्वी बीपी-शुगरच्या गप्पा मारायची, ती आता काल किती युनिट झाले ते मोबाईल काढून एकमेकांना दाखवतात. एकाने तर नातवाच्या बारशात दाखवलं. मी या सगळ्यांना हसायचो. मग एक दिवस टाय लावलेला एक एजंट आला, त्याने सबसिडी, नेट मीटर आणि पंचवीस वर्षांची वॉरंटी असा पाढा म्हटला आणि मीही गच्चीवर पॅनल चढवून मोकळा झालो. एजंटला वायरिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्या दोन चुका मी तिथल्या तिथे काढल्या आणि त्या आनंदात भाव करायचा विसरलो.

पहिल्याच गुरुवारी नाक कापलं गेलं. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. डोक्यावर टळटळीत ऊन, गच्चीवर चकचकीत पॅनल, आणि घरात पंखा बंद. बाहेरची वीज गेली की बिनबॅटरीची सोलर यंत्रणा आपणहून बंद पडते, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून. मला हे पाठ होतं, घरच्यांना सांगायचं राहिलं होतं. शेजारी कंपाउंडवरून डोकावून म्हणाला की भाऊ, ऊन बी गेलं की काय तुमच्याकडचं. हा शेजारी मूळचा इथलाच, जुन्या गावातला. बापाची जमीन प्राधिकरणात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने कंपनीतल्या पोरांसाठी खोल्या बांधल्या आहेत. शाळा आठवीपर्यंत. मी मनातल्या मनात त्याला ढ समजायचो. त्याच्या हसण्यामुळे मला बॅटरी घ्यावी लागली. जिन्याखाली कपाटाएवढी बॅटरी आली आणि बायकोचे पापडाचे डबे माळ्यावर गेले. ती बॅटरी मी वापरू मात्र देत नसे. गुरुवारसाठी राखीव. रोज शंभर टक्के भरलेली, आणि मी रोज येता-जाता तिच्याकडे बघून खूश.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मग ते वेळेनुसार दर आले. दिवसा वीज स्वस्त, असं ऐकलं आणि माझ्या अंगात कंपनी शिरली. कंपनीत आमच्या काळी संध्याकाळी सहा ते दहा जादा दर असायचा. सहा वाजायला आले की आम्ही भट्ट्या बंद करायचो, कॉम्प्रेसर कमी करायचो, जो सुपरवायझर ऐकायचा नाही त्याच्या अंगावर धावून जायचो. चार तास सगळा प्लान्ट दम धरून बसायचा. मला वाटलं, घरी तेच. कुठला कागद बघितला नाही, कुणाला विचारलं नाही. छत्तीस वर्षांचा अनुभव असल्यावर कागद कोण बघतो.

स्वयंपाकघरात तक्ता लागला. नऊ ते पाच हिरवा, सहा ते दहा लाल. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर, गीझर सगळं हिरव्यात. बायकोने तक्ता वाचला आणि विचारलं की भूक हिरव्यात लागणार की लालात. मी तिच्या अज्ञानाची कीव केली.

शेजाऱ्याने तर मला स्पष्ट सांगितलं होतं. एकदा कंपाउंडपाशी उभा राहून मी त्याला सहा ते दहाचं गणित समजावत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, कंपनीच्या मीटरला आसंल तसं. घरच्या मीटरला संध्याकाळचा जादा रेट न्हाई. दिवसा सूट हाय, तेवढीच. खोल्यांची समदी बिलं मीच भरतो, मला ठाव हाय." मी हसलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसलो. घरी येऊन बायकोला त्याची नक्कलसुद्धा करून दाखवली.

तक्ता कुणी पाळेना. म्हणजे बायको पाळेना. सात वाजता चटणीसाठी मिक्सर, आठ वाजता उद्याच्या साडीला इस्त्री. मग मी टॅग काढले.

टॅग म्हणजे काय ते सांगतो. कंपनीत मशीनच्या आत हात घालून काम करायचं असेल तर आधी त्याची वीज तोडायची आणि बटणाला लाल टॅग लटकवायचा, त्यावर आपलं नाव. तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. मॅनेजर आला, मालक आला, तरी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कारण आत माणूस असतो. निवृत्त होताना लोक स्टीलचे पेले, टॉवेल, रेनकोट घेऊन येतात. मी स्टोअरमधून डझनभर कोरे टॅग आणले होते. कशासाठी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पहिला टॅग मिक्सरला लावला. बायकोने तो काढून त्याच्या मागे भाजीची यादी लिहिली आणि पिशवीत घालून मंडईत गेली. मग मी एक पायरी वर गेलो. जिन्याजवळच्या बोर्डावर घरातल्या सगळ्या प्लगचं एकच बटण आहे. रोज सहाला ते खाली पाडायचं, त्याला टॅग लटकवायचा, दहाला वर करायचं. फ्रिज वेगळ्या लाइनवर होता. दिवे-पंखेही वेगळ्या, आणि टीव्ही मी त्यांच्या लाइनवर घेतला. टीव्ही बंद केला असता तर आज हे सांगायला उरलो नसतो. बायको दोन दिवस बोलली नाही, मग बोलली ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. पण बोर्डाला हात लावायला ती घाबरते, म्हणून माझं फावलं.

आईला मात्र टॅग समजावून सांगावा लागला नाही. तिने बोर्डाकडे बघितलं, लाल टॅग बघितला आणि गप्प झाली. मी म्हणालो, आई, मशीन लागलं तर मला हाक मार, मी काढून देईन. तिने मान हलवली. मला वाटलं, घरात एक तरी शिस्तीचं माणूस आहे.

तिच्या गप्प होण्याचं कारण मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच. आमचे वडील बीडकडचं गाव सोडून भोसरीत आले आणि पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागले. एकदा डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्र्याचा तुकडा अडकला. त्यांनी प्रेस बंद केला, बटणाला पुठ्ठ्याची पाटी अडकवली, काम चालू आहे, आणि हात आत घातला. पुढच्या शिफ्टचा माणूस आला, प्रॉडक्शन मागे पडलेलं, त्याने पाटी बाजूला केली आणि बटण दाबलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. त्यानंतर वडील डाव्या हाताने जेवले आणि त्यांच्या शर्टाची बटणं शेवटपर्यंत आई लावायची. मी अप्रेंटिस म्हणून पहिल्या दिवशी निघालो तेव्हा तिने डबा हातात दिला आणि दोनच गोष्टी बजावल्या. पाटी लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही, आणि दुसऱ्याची पाटी काढायची नाही, साहेब म्हणाला तरी. मी छत्तीस वर्षं ते पाळलं. दहाही बोटं घेऊन घरी आलो, आणि त्याच बोटांनी चटणीचा मिक्सर बंद पाडायला पाटी लावत होतो.

माझं नाव गल्लीत झालं. गल्लीच्या टोकाला बागेशेजारी ज्येष्ठ नागरिकांचा हॉल आहे. तिथे दर महिन्याला कुणीतरी कुणालातरी ज्ञान देतं. गुडघेदुखी झाली, मृत्युपत्र झालं, मोबाईलवरची फसवणूक झाली. मग मला बोलावलं, घरगुती वीज आणि शिस्त. मी तीन दिवस तयारी केली. तक्त्याचा फ्लेक्स करून घेतला. इस्त्रीचा शर्ट घातला, इस्त्री अर्थातच हिरव्या वेळेत केलेली.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. बायको दापोडीला बहिणीकडे गेली होती. मी सहाला बटण पाडलं, टॅग लावला, आईला सांगितलं की हॉलमध्ये जातोय, आठपर्यंत येतो. तिची छाती सकाळपासून जरा वाजत होती. मी ऐकलं होतं. दहाला वाफ घेईल, असा विचार केला आणि फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून निघालो.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. चहा-बिस्किटं आधीच झाल्यामुळे निम्मी पेंगत होती. मी मात्र रंगात आलो. सोलर म्हणजे काय, बॅटरी राखून कशी ठेवावी, सहा ते दहा घर कसं दम धरून बसायला शिकलं पाहिजे. दम धरून हेच शब्द वापरले, मला आठवतंय. फोन सायलेंटवर होता. वक्त्याचा फोन वाजणं बरं दिसत नाही.

सात वाजून गेले असतील. दारात आई दिसली. एक हात चौकटीला, पायात चपला नाहीत, पदर खांद्यावरून घसरलेला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. आधी माझ्या हातांकडे बघितलं. एका हातात माईक होता, दुसऱ्या हातात पट्टी. मग तिने डोळे मिटले आणि भिंतीला टेकली. मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढ्या लोकांत अशी काय आली, असं वाटलं. मी पट्टीनेच मागची खुर्ची दाखवली. ती जाऊन बसली.

आणि मी पुढे बोललो. पाच मिनिटं तरी बोललो. टॅगवरच आलो होतो. खिशातून कोरा टॅग काढून सगळ्यांना दाखवला. म्हणालो, "हा ज्याने लावला त्यानेच काढायचा. आमच्या घरी ब्याऐंशी वर्षांची आईसुद्धा हा नियम पाळते. त्या बघा, मागे बसल्यात." तीस माना मागे वळल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईचे खांदे कानापर्यंत वर चढत होते, खाली येत होते, आणि तोंड उघडं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं, म्हातारी हसतेय.

उठला तो शेजारी. तो माझ्या व्याख्यानाला का आला होता देव जाणे, बहुतेक बिस्किटांसाठी, असं मी त्याला बघून मनात म्हटलं होतं. त्याने तिच्याजवळ जाऊन वाकून बघितलं, तिला लहान मुलासारखं उचललं आणि बाहेर आपल्या गाडीकडे चालायला लागला. मला हाकही मारली नाही. मी माईक हातात घेऊनच मागे धावलो, त्याची वायर ताणली गेली आणि स्पीकर खाली पडला.

गाडीत तिचे ओठ निळसर दिसत होते. मी तिचा हात धरला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकही आकडा आठवत नव्हता. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं की घरी वाफेचं मशीन नाहीये का. मी आहे म्हणालो. मग लावलं का नाही, असं त्यांनी विचारलं. शेजारी मागे उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. बाहेर बाकावर बसल्यावर मी फोन बघितला. आईचे तीन मिस्ड कॉल होते.

रात्रभर तिचा श्वास ऐकत बसलो. सकाळी धोका टळला म्हणाले, पण चार दिवस ठेवून घेतलं. बायको दापोडीहून तशीच आली होती. दुसऱ्या दिवशी ती घरून डबा आणि कपडे घेऊन आली आणि डब्याखालून एक कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. विजेचं बिल. शेजाऱ्याच्या पोराकडून तिने छापून घेतलं होतं. मला दर महिन्याला मोबाईलवर येत होतं आणि मी फक्त खालचा आकडा बघून मिशीवर ताव देत होतो. कागदावर दिवसाच्या विजेची सूट होती, वेगळ्या ओळीत, स्पष्ट. संध्याकाळची ओळ मी तीनदा वाचली. जादा दर नव्हता. कधीच नव्हता. तो लाल रंग मीच कंपनीतून घरी आणला होता. बायको एरवी मला सोलून काढते. त्या दिवशी ती फक्त म्हणाली की चहा घेऊन येते. मला तिच्या शिव्या परवडल्या असत्या.

पाचव्या दिवशी आईला घरी आणलं. जिन्याजवळच्या बोर्डावर टॅग तसाच लटकत होता. बायकोने त्याला हात लावला नव्हता. चार दिवस घरातल्या एकाही प्लगला वीज नव्हती आणि जिन्याखालची बॅटरी शंभर टक्के भरलेली होती. आई बोर्डासमोर थांबली, हलेना. मी पुढे होऊन टॅग काढला, बटण वर केलं. तेव्हा कुठे ती खोलीत जाऊन पलंगावर टेकली. मी मशीनची पिन लावली, नळीत औषध घातलं. निम्मं औषध चादरीवर सांडलं.

मला राहवेना. मी तिला म्हणालो की आई, जीव जात होता तुझा, तो टॅग ओढून फेकायचा आणि बटण वर करायचं, एवढंच होतं. आणि एवढं लांब तू चालत का आलीस. तिने सांगितलं की आधी ती गच्चीवर गेली होती. दोन मजले, हाताने भिंत धरत. पॅनलच्या मागे बघितलं, टाकीच्या मागे बघितलं. मी तिथे नव्हतो. फोन लावला, उचलला नाही. मग रस्त्याने निघाली.

"गच्चीवर कशाला?" मी विचारलं. "मी सांगून गेलो होतो ना, हॉलमध्ये जातोय म्हणून."

"आरं, पाटी लटकत होती की," ती म्हणाली. "माणूस सांगतो एकीकडं अन् असतो दुसरीकडं. तुझा बाप बी लवकर येतो म्हणून गेलता. मी बटण वर केलं असतं अन् तुझा हात वायरीत असता तर?"

तिने माझा उजवा हात ओढून घेतला, बोटांवरून अंगठा फिरवला आणि मास्क तोंडाला लावला.